सांगली ते बामणोली: पेट्रोलच्या वासाचा माग

सांगलीहून पेठ नाक्यामार्गे सातारा, तेथे मुक्काम, आणि दुसऱ्या दिवशी यवतेश्वरचा घाट चढून कासमार्गे बामणोली असा दोन दिवसांचा बेत आम्ही दोघा मित्रांनी नोव्हेंबरच्या सुरुवातीला आखला होता. फुलांचा हंगाम तोवर सरलेला असतो, त्यामुळे पठारावर झुंबड नसते. कास, बामणोली आणि शिवसागर जलाशयाविषयी भरपूर लिहिले गेलेले आहे. या प्रवासात माझा निम्मा वेळ मोटारसायकलला येणाऱ्या पेट्रोलच्या वासामागे गेला, म्हणून तीच हकिकत येथे सविस्तर देत आहे.

माझी गाडी इंधन-इंजेक्शनची, म्हणजे पंपाच्या दाबाने इंजिनात पेट्रोल फवारणारी असून तिची टाकी 15 लिटरची आहे. प्रवासापूर्वी तीन आठवडे तिचे सर्व्हिसिंग झाले होते आणि एअर फिल्टर बदलण्यासाठी टाकी उचलावी लागली होती. ही गोष्ट मला सुरुवातीलाच आठवायला हवी होती. निघताना पहाटे सांगलीत टाकी फुल केली, आणि नोझल आपोआप बंद झाल्यावरही आणखी थोडे ओतायला लावले.

महामार्गावर वेग असेपर्यंत काहीच जाणवले नाही. कागल-सातारा टप्प्यातील सहापदरीकरणामुळे जागोजागी रस्ता वळवलेला होता. कराडच्या अलीकडे अशाच एका वळणावर ट्रकच्या मागे खोळंबलो, तेव्हा पहिल्यांदा वास आला. तासवडे टोलनाक्याच्या पुढे गाडी बाजूला घेऊन पाहिले, तर झाकणाभोवतीची खाच ओलसर होती. पेट्रोल दर 10 अंशांमागे साधारण एक टक्का फुगते, म्हणजे पहाटेच्या गारव्यात काठोकाठ भरलेल्या 15 लिटरांना उन्हात आणि इंजिनाच्या धगीत दीडशे मिलिलिटर जास्तीची जागा लागते. ती जागाच मी ठेवली नव्हती. कारण सापडले म्हणून निश्चिंत झालो, आणि ते कारण खोटेही नव्हते.

साताऱ्यात पोवई नाक्याजवळच्या लॉजवर उतरलो. रात्री बॅग आणायला तळघरातील पार्किंगमध्ये गेलो, तर जिन्यावरच वास जाणवला. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खाली साचते आणि अगदी थंडीतही पेट घेऊ शकते. त्यामुळे दिव्याच्या बटणाला हात न लावता आम्ही आधी दोन्ही गाड्या ढकलत अंगणात आणल्या. तेथे कळले की मित्राने बामणोलीच्या वाटेवर अडचण नको म्हणून लिटरभर पेट्रोल पाण्याच्या प्लॅस्टिकच्या बाटलीत भरून सॅडल बॅगेत ठेवले होते. बाटली एका बाजूने फुगली होती आणि झाकणातून पाझरत होती. त्याचे कपडे पुढे दोन दिवस कोणी जवळ घेण्यासारखे राहिले नाहीत. बाटली त्याच्या टाकीत रिकामी केली आणि प्रकरण मिटले असे धरून झोपलो.

सकाळी गाडीजवळ वास नव्हता. जमीन कोरडी, झाकण कोरडे, टाकीतील पातळी चांगली खाली गेलेली. किल्ली फिरवली, पंपाचा बारीक घूं असा आवाज आला, आणि मिनिटभरात पुन्हा तोच वास. आदल्या दिवशी आम्ही वास कोठून येतो एवढेच शोधत होतो. तो केव्हा येतो हे पाहिले असते तर बराच वेळ वाचला असता. उभ्या गाडीला वास नाही आणि पंप चालू होताच येतो, याचा अर्थ गळती टाकीची नसून पंपाच्या पुढच्या, दाबाखालील भागाची आहे.

समर्थ मंदिराच्या बाजूला एका वयस्क मेस्त्रींचे छोटे गॅरेज सापडले. हकिकत ऐकून त्यांनी आधी इंजिन थंड आहे ना ते हात लावून पाहिले, सीट काढून टाकी मागून उचलली, खाली लाकडी ठोकळा दिला आणि म्हणाले, “किल्ली नुसती ऑन करा साहेब, सेल मारू नका.” पंप दोन-तीन सेकंदच चालतो, म्हणून किल्ली तीन-चार वेळा बंद-चालू करून घेतली. त्यांनी विजेरी टाकीखाली धरली होती. पेट्रोलची नळी पंपाला जेथे खटक्याने बसते, तेथे कडेला मोहरीएवढा थेंब जमला, हळूहळू फुगला आणि खाली इंजिनावर पडला. त्या जागी धूळ धुऊन रुपयाएवढा स्वच्छ ठिपका पडलेला होता. थेंब गरम धातूवर पडून क्षणात उडून जात असल्याने जमिनीवर कधी डाग दिसला नव्हता.

सांधा सोडवल्यावर आतल्या ओ-रिंगला, म्हणजे गळती रोखणाऱ्या रबरी कड्याला, नखाने खरवडल्यासारखी चीर दिसली. टाकी परत बसवताना नळी तिरकी रेटली गेली असावी. या नळीत बहुतेक गाड्यांमध्ये सुमारे 3 बार दाब असतो, म्हणजे चाकातील हवेपेक्षाही जास्त, त्यामुळे एवढी चीरही पुरते. साधे रबर पेट्रोलमध्ये फुगते आणि आता 20 टक्के इथेनॉल मिसळलेले असल्याने त्याचा भरवसा आणखी कमी. मेस्त्रींनी व्हिटॉन या पेट्रोलला टिकणाऱ्या रबराची ओ-रिंग टाकली. 30 रुपये ओ-रिंगचे, 200 मजुरीचे.

ज्यांच्या गाडीला इंजेक्शनऐवजी जुन्या पद्धतीचा कार्बोरेटर आहे त्यांच्याकडे ही तपासणी वेगळी होते. तेथे वास उभ्या गाडीला, विशेषतः टाकीखालचा पेट्रोलचा कॉक उघडा राहिला असताना येतो, आणि कार्बोरेटरमध्ये येणारे पेट्रोल रोखणाऱ्या फ्लोटच्या सुईखाली कचरा अडकणे हे त्याचे नेहमीचे कारण असते. अशा वेळी कॉक बंद करून आधी इंजिन ऑइल पाहावे: पातळी वाढलेली असेल किंवा ऑइललाच पेट्रोलचा वास येत असेल, तर ते बदलेपर्यंत गाडी मुळीच सुरू करू नये. इंजेक्शनच्या गाडीचा सांधा रस्त्यात स्वतः सोडवण्याचा मोह टाळावा, कारण बंद गाडीच्या नळीतही दाब शिल्लक असतो आणि पेट्रोल डोळ्यांत उडते. गळती दिसली तर गाडी ढकलत न्यावी किंवा टेम्पोत घालावी; मी कराडपासून तशीच चालवत आणली, हे शहाणपणाचे नव्हते.

बामणोलीच्या रस्त्यावर पेट्रोल मिळेलच असे धरू नये. साताऱ्यातच भरावे आणि टाकीच्या मानेच्या खाली दोन बोटे जागा सोडावी. आम्ही अकरा वाजता निघालो. यवतेश्वरच्या चढावर, कास तलावाच्या काठी आणि बामणोलीच्या धक्क्यावर, तीनदा थांबून मी टाकीखाली नाक नेले. तिसऱ्या वेळी होडीवाल्याने काय हरवले म्हणून विचारले.