न उघडलेली पाकिटे : आमच्या कार्यालयाची वाटचाल

लघुउद्योजकांच्या एका स्थानिक संघटनेने आपल्या स्मरणिकेतील ‘आमची वाटचाल’ या सदरासाठी लेख मागितला, तेव्हा मी प्रथम नकारच दिला होता. वकिलाने स्वतःची जाहिरात करण्यास बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनी मनाई आहे आणि ती मनाई मला योग्य वाटते. त्यातून आमचे काम नादारीचे, म्हणजे देणी फेडता न येण्याचे, आणि दिवाळखोरीचे. ज्यांच्यासाठी ते केले, त्यांच्यापैकी बहुतेकांना त्याचा उल्लेखही नको असतो. शेवटी असे ठरले, की कोणाही पक्षकाराचे नाव येऊ द्यायचे नाही, जिंकलेल्या प्रकरणांची यादी द्यायची नाही आणि एका लहान कार्यालयाने तीस वर्षांत जे पाहिले तेवढेच लिहायचे.

मला 1994 साली सनद मिळाली आणि मी पुण्यात शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात एका ज्येष्ठ वकिलांच्या हाताखाली काम करू लागले. सर मुख्यतः दिवाणी दावे चालवीत, परंतु त्यांच्या कपाटातील एका खणावर ‘नादारी’ अशी चिठ्ठी डकवलेली होती आणि त्या खणातली कामे दुसरे कोणी घ्यायला तयार नसल्यामुळे ती माझ्याकडे आली. घरी सांगितले तेव्हा वडील हसले. त्यांच्या शाळेत गरीब विद्यार्थ्याला मिळणाऱ्या फीमाफीला नादारी म्हणत आणि ते स्वतः नादारीवरच शिकले होते, त्यामुळे त्या शब्दाची त्यांना कधी लाज वाटली नव्हती. ‘दिवाळे’ या शब्दाचे तसे नाही. पेढी बुडाली की व्यापारी भरदिवसा दुकानात दिवा लावून ठेवीत, त्यावरून तो शब्द आला असे सांगतात. व्युत्पत्ती खरी असो वा नसो, आमच्याकडे येणारा माणूस आपल्या दुकानातला तो दिवा कोणाच्या नजरेस पडू नये म्हणून दोन-तीन वर्षे धडपडलेला असतो, आणि त्याची खरी हानी बहुधा त्याच दोन-तीन वर्षांत झालेली असते.

त्या काळी मुंबई शहरासाठी 1909 चा प्रेसिडेन्सी शहरांचा नादारी कायदा आणि पुण्यासारख्या जिल्ह्यांसाठी 1920 चा प्रांतिक नादारी कायदा लागू होता. देणे पाचशे रुपयांचे असले तरी ऋणको अर्ज करू शकत असे, आणि 1920 साली मोठी असलेली ही रक्कम तशीच राहिल्याने न्यायालयात तिचे हसू होई. अर्जदार नादार ठरला की त्याची मालमत्ता न्यायालयाकडे किंवा ती सांभाळण्यासाठी नेमलेल्या रिसीव्हरकडे जाते, मात्र सगळी जात नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 60 प्रमाणे अंगावरचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारे आणि धार्मिक रूढीप्रमाणे स्त्रीला अंगावरून उतरवता येत नाहीत असे दागिने जप्तीतून वगळलेले आहेत. एका छापखानेवाल्यांच्या पत्नीला मी हे कलम वाचून दाखवले, तेव्हा त्यांनी नकळत मंगळसूत्रावर हात ठेवला होता. तोवर मी ते कलम परीक्षेपुरतेच पाठ केले होते. कर्ज फेडता आले नाही म्हणजे तुरुंग, ही भीतीही तेव्हा सर्रास आढळे. केवळ ऐपत नाही एवढ्यावरून ऋणकोला दिवाणी तुरुंगात टाकता येत नाही, त्यामागे अप्रामाणिकपणा दिसावा लागतो, असे सर्वोच्च न्यायालयाने 1980 मध्येच स्पष्ट केलेले असूनही.

स्वतःचे कार्यालय मी 2002 मध्ये थाटले. न्यायालयाजवळच्या एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावरची एक खोली, एक टंकलेखनिक आणि अर्धवेळ येणारी एक ज्युनिअर, एवढाच संसार होता. त्याच वर्षी सरफेसी कायदा आला आणि आमच्या कामाचे स्वरूप पालटले. बँकेला वसुलीसाठी न्यायालयात जाण्याची गरज उरली नाही. साठ दिवसांची नोटीस द्यायची आणि पैसे न आल्यास तारण मालमत्तेचा ताबा घ्यायचा, असा तो मार्ग होता. कर्जदाराने कर्जवसुली न्यायाधिकरणात दाद मागायची तर मागणीच्या पंचाहत्तर टक्के रक्कम आधी भरायची, अशी मूळ कायद्यातली अट होती, ती सर्वोच्च न्यायालयाने 2004 साली रद्द केली. ती अट असती तर आमच्या कार्यालयाला फारसे काही करता आले नसते, कारण पंचाहत्तर टक्के जवळ असणारा माणूस आमच्या पायऱ्या चढतच नाही.

याच काळातली एक चूक येथे नोंदवणे मला आवश्यक वाटते. ताब्याविरुद्ध दाद मागण्यास पंचेचाळीस दिवसांची मुदत असते. एका प्रकरणात आम्ही दिवस मोजले ते नोटीस पक्षकाराने आमच्या हाती दिली त्या तारखेपासून, आणि अर्ज उशिरा दाखल झाला. उशीर माफ करण्याची विनंती केली, परंतु तिची सुनावणी होण्यापूर्वीच गाळ्याचा लिलाव होऊन गेला. चूक पूर्णपणे आमची होती. त्या गृहस्थांनी रागाचा एक शब्द काढला नाही, हे अधिक जड गेले. तेव्हापासून आलेले प्रत्येक कागदपत्र पाहताना आम्ही प्रथम पाकिटावरचा टपालाचा शिक्का पाहतो, आणि संगणक असूनही भिंतीवरच्या मोठ्या दिनदर्शिकेवर लाल शाईने मुदती लिहितो.

पाकिटांचा विषय निघालाच आहे, तर भोसरीच्या एका लेथवाल्या उद्योजकांविषयी लिहिते, कारण त्यांच्यासारखे शेकडो लोक नंतर आले. 2009 च्या सुरुवातीला वाहन उद्योगातील मंदीमुळे त्यांची जॉबवर्कची कामे थांबली होती. ते पत्नीसह आले आणि त्यांनी टेबलावर कापडाच्या दुकानाची एक पिशवी ठेवली. तिच्यात बँकेची सगळी पाकिटे होती आणि त्यातले एकही उघडलेले नव्हते. मी सुरीने एकेक पाकीट उघडत, तारखेप्रमाणे लावत गेले, आणि त्यांनी माझ्याकडे न पाहता भिंतीकडे पाहत हिशेब सांगितला. तिसऱ्या पाकिटातल्या मागणी नोटिशीला आक्षेप घेतला असता, तर बँकेला कारणांसह लेखी उत्तर देणे भाग होते. पाचव्या पाकिटात एकरकमी तडजोडीचा प्रस्ताव होता आणि त्याची मुदत सहा आठवड्यांपूर्वी संपली होती. बाई इतका वेळ गप्प होत्या. शेवटी म्हणाल्या, “मॅडम, माझी सही कशावर आहे ते मला सांगा. ह्यांनी जिथे सांगितलं तिथे मी केली.” त्या सहकर्जदार होत्या आणि राहते घर त्यांच्या नावावर होते. पुढे बँकेच्या अधिकाऱ्यांशी बोलून तडजोड पुन्हा मांडता आली, मशिनरी विकून ती पूर्णही झाली आणि घर वाचले, परंतु त्या सहा आठवड्यांची किंमत त्यांना मोजावीच लागली. त्यानंतर मी एक नियम केला, की ज्या ज्या व्यक्तीची सही कर्जाच्या कागदांवर आहे, तिच्याशी पहिल्या भेटीत स्वतंत्रपणे बोलल्याशिवाय वकीलपत्र घ्यायचे नाही. काही पुरुष पक्षकारांना हे आवडत नाही आणि ते दुसरीकडे जातात.

1 डिसेंबर 2016 पासून नादारी आणि दिवाळखोरी संहितेतील कंपन्यांविषयीच्या तरतुदी अमलात आल्या आणि पुण्याहून सकाळी सव्वासातची डेक्कन क्वीन धरून मुंबईच्या राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणात जाणे सुरू झाले. संहितेखाली दाखल करून घेतलेले पहिलेच प्रकरण इनोव्हेंटिव्ह इंडस्ट्रीज या पुण्याच्या कंपनीचे होते, त्यामुळे येथील वकीलवर्गात त्याची फार चर्चा झाली. राज्याच्या 1958 च्या कायद्याखाली आपल्याला संरक्षण मिळालेले असल्याने देणे तूर्त स्थगित आहे, असा कंपनीचा बचाव होता. केंद्राची संहिता त्या कायद्यावर मात करते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2017 मध्ये दिला. देणे थकले तर व्यवस्थापन हातून जाते, ही गोष्ट आमच्या भागातल्या कारखानदारांना त्या निकालाने पहिल्यांदा खरी वाटली. संहितेची परीक्षा मीही दिली आणि उत्तीर्ण झाले, पण रिझोल्युशन प्रोफेशनल, म्हणजे प्रक्रियेच्या काळात कंपनीचा कारभार पाहणारी व्यक्ती, म्हणून नोंदणी केली नाही. त्या पदावरच्या व्यक्तीने सर्व धनकोंशी तटस्थ राहायचे असते, आणि मला एका बाजूने बोलण्याची सवय जडलेली आहे.

लहान माणसाला या संहितेचा किती उपयोग झाला, असे कोणी विचारले तर माझे उत्तर सावध असते. मार्च 2020 मध्ये अर्जासाठीची किमान थकबाकी एक लाखावरून एक कोटी रुपये करण्यात आली. टाळेबंदीत अडकलेल्या कंपन्या त्यामुळे वाचल्या हे खरे, परंतु ज्या पुरवठादाराचे वीस-तीस लाख एखाद्या मोठ्या कंपनीकडे अडकले आहेत, त्याला ते दार बंद झाले. अशांना आम्ही 2006 च्या सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योग कायद्याखाली सुलभीकरण परिषदेकडे पाठवतो; पंचेचाळीस दिवसांनंतरच्या थकबाकीवर तेथे बँकदराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज मागता येते. दुसरी अडचण जामीनदारांची आहे. कंपनीला वसुलीच्या स्थगितीचे संरक्षण मिळाले तरी तिच्या संचालकाने दिलेल्या वैयक्तिक हमीला ते मिळत नाही, आणि डिसेंबर 2019 पासून अशा हमीदारांविरुद्धही संहितेखाली अर्ज करता येतो. कंपनी वेगळी आणि मी वेगळा, या समजुतीत राहिलेल्या अनेकांना हे घरावर नोटीस चिकटवली गेल्यावरच कळले.

कार्यालयाबाहेरचे काम ठरवून सुरू झाले नाही. शिरूरकडच्या पट्ट्यातील एक कारखाना संहितेखालील प्रक्रियेत गेला, तेव्हा कामगारांपैकी एकाने वर्तमानपत्रातली सूचना आणून दाखवली. दावा करायचा असतो, हेच त्यांच्यातल्या बहुतेकांना ठाऊक नव्हते. मी आणि माझ्या दोन ज्युनिअर तीन रविवार त्यांच्या वसाहतीत बसून शंभराहून अधिक जणांचे फॉर्म डी, म्हणजे कामगारांच्या दाव्याचे अर्ज, भरत होतो. कंपनी अवसायनात गेली, म्हणजे ती बंद करून मालमत्ता विकायची ठरली, तर मागील चोवीस महिन्यांचे वेतन तारणधारक धनकोंच्या बरोबरीने येते आणि भविष्यनिर्वाह निधी व ग्रॅच्युइटीचा निधी तर वाटपाच्या मालमत्तेत धरलाच जात नाही, हे समजावून सांगताना मलाच त्या तरतुदी नव्याने उमगल्या. पैसे यायला फार काळ लागला आणि सर्वांना पूर्ण मिळाले नाहीत. त्यानंतर दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी एका ग्रंथालयाच्या सभागृहात विनामूल्य सल्ल्याची बैठक आम्ही सुरू केली, ती आजही चालते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या शिबिरांनाही जातो.

अशाच एका शिबिरासाठी सुपे येथे गेले होते. सावकारांविरुद्धचा दख्खनचा उठाव 12 मे 1875 रोजी याच गावात पेटला, आणि शेतकऱ्यांनी वाड्यावाड्यांतून कर्जरोखे बाहेर काढून जाळले; त्यातूनच 1879 चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला आणि शेतकऱ्याला कर्जासाठी कैद करणे बंद झाले. त्या गावात उभी राहून मी लोकांना कागद जपून ठेवा, एकही पावती फेकू नका, असे सांगत होते. मागच्या रांगेतले एक आजोबा म्हणाले, “ताई, आमच्या पणज्यानं उलटं केलं होतं.” सभेत हशा पिकला आणि नंतर सर्वांत आधी पिशवी घेऊन तेच पुढे आले.

आज कार्यालयात आम्ही पाच जणी आहोत. मुंबईच्या बऱ्याच तारखा आता दूरदृश्य प्रणालीने होतात, त्यामुळे डेक्कन क्वीन सुटली. एकल मालकीच्या व भागीदारीच्या धंद्यांसाठी मात्र संहितेतील वैयक्तिक दिवाळखोरीचा भाग हे लिहीत असतानाही अमलात आलेला नाही, आणि भोसरी-चाकणच्या लहान गाळ्यांमध्ये बहुतांश धंदे त्याच प्रकारचे आहेत. त्यांच्यासाठी अजून 1920 चाच कायदा उघडावा लागतो. सरांनी निवृत्त होताना त्या कायद्याची आपली प्रत मला दिली होती. तिच्या समासात त्यांच्या शिसपेन्सिलीतल्या बारीक टिपा आहेत आणि पाचशे रुपयांच्या कलमासमोर एक उद्गारचिन्ह आहे. गेल्या आठवड्यात आमच्या सर्वांत धाकट्या ज्युनिअरने एका बेकरीचालकाचा नादारी अर्ज त्याच प्रतीवरून तयार केला. अर्ज दाखल झाला असून पहिली तारीख पुढील महिन्यात आहे.