तुम्ही विचारलंत म्हणून: बाईचा जीव जात असला तरी नाहीच?

‘तुम्ही ख्रिस्ती ना? मग बाईचा जीव जात असला तरी गर्भपात नाहीच?’ विचारणाऱ्याला बहुतेकदा ‘हो’ ऐकायचं असतं, म्हणजे पुढचं भांडण सोपं. मी कॅथलिक आहे, तेवढ्यापुरतंच बोलते. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत एकमत नाही.

सविता हलप्पनवारचं नाव तुम्ही काढणारच, तर तिथूनच. माहेर बेळगावचं, पेशाने दंतवैद्य. २१ ऑक्टोबर २०१२ला आयर्लंडमध्ये गॉलवेच्या रुग्णालयात दाखल झाली, सतरावा आठवडा. त्याच रात्री पाणमोट फुटली. इतक्या लवकर फुटली की मूल वाचत नाही, आणि जंतूंना गर्भपिशवीत शिरायला वाट मोकळी होते. तिने गर्भपात मागितला. बाळाचे ठोके चालू होते म्हणून नकार. ‘हा कॅथलिक देश आहे’ असं आपण तिला म्हणाल्याचं एका सुईणीने चौकशीत कबूल केलं. २४ तारखेला ठोके थांबले, तोवर संसर्ग रक्तात पसरला होता. २८ला ती गेली. वय ३१.

हा रुग्णालयाचा ढिसाळपणा, धर्माचा काय संबंध, असं मी वर्षानुवर्षं सांगत आलेय. ते खोटं नाहीच. पहिल्याच रक्तचाचणीत पांढऱ्या पेशी वाढलेल्या होत्या, त्याची वेळेत दखल घेतली नाही. पाणी गेल्यावर दर चार तासांनी नाडी-ताप बघायचा, तोही चुकला. पण त्याच चौकशीत तज्ज्ञ म्हणाले की सोमवारी-मंगळवारी, म्हणजे २२-२३ तारखेला, गर्भ काढला असता तर ती बहुधा वाचली असती. आणि त्या दिवशी तिथल्या कायद्याने तो काढता येत नव्हता, कारण जिवाला अजून ‘पुरेसा’ धोका नव्हता. हे ढिसाळपणाच्या खात्यात कसं टाकू?

आमची शिकवण सांगते, गर्भ मारणं हा हेतूही नको आणि उपायही नको. पिशवीला कॅन्सर असेल तर पिशवी काढता येते, गर्भ जाणार हे माहीत असूनही. गर्भ पिशवीऐवजी गर्भनळीत रुजला तर नळी काढणं चालतं. नळी न कापता मेथोट्रेक्सेट या औषधाचं इंजेक्शन देणं चालतं का, यावर आमचेच नीतिपंडित भांडतात, कारण ते औषध थेट गर्भाच्या पेशींवर जातं. बाईची नळी मात्र त्याने वाचू शकते. पिशवीत संसर्ग झाला तर कळा आणून मोकळं करणं बहुतेकांना मान्य आहे. होण्याआधी? ताप चढेपर्यंत बसून राहायचं?

२००९मध्ये अमेरिकेत फिनिक्सला तर कापून टाकण्यासारखा आजारी अवयवच नव्हता. अकरावा आठवडा, फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांत दाब भयंकर वाढलेला, गर्भारपणाचा भार हृदयाला झेपेना. कॅथलिक रुग्णालयाच्या नीतिसमितीतल्या सिस्टर मार्गारेट मॅकब्राइड यांनी गर्भपाताला संमती दिली. बाई वाचली. बिशप ओल्मस्टेड यांनी सिस्टर बहिष्कृत झाल्याचं सांगितलं.

हो, चर्चच्या कायद्यात गर्भपाताला आपोआप बहिष्कार आहे. पण अठरा पूर्ण नसलेल्या मुलीला तो लागत नाही, आणि २०१६पासून कुठलाही फादर कबुलीजबाबात या पापाची क्षमा देऊ शकतो. हे कोणी विचारत नाही.

गर्भ माणूस आहे असं मी मानते. सिस्टरच्या जागी मीही हो म्हटलं असतं असं वाटतं. याची सांगड मला घालता आलेली नाही, आणि बिशपांचं सगळंच चुकलं असंही म्हणवत नाही. पुन्हा विचाराल तेव्हा आठवडा कितवा, पाणी गेलंय का, ताप किती, एवढं सांगून विचारा.