पलंगाखालचं इंजिन

इतर गाड्यांचं इंजिन बिघडलं की गाडी बंद पडते, कॅम्पर व्हॅनचं, म्हणजे आत राहायची सोय असलेल्या गाडीचं, बिघडलं की अख्खं घर बंद पडतं. पडदे, कपाटं, गादी सगळं जागच्या जागी असतं, फक्त इंजिन दुरुस्तीला उतरवलेलं असतं, आणि मागचं झाकण उघडलं की जिथे ते हवं तिथे पोकळी दिसते. त्यात पलंगाचा मागचा भाग बरोबर त्या पोकळीच्या वर येतो. म्हणजे काम करताना पाठ भरून आली की अंथरूण हाताशीच. जुन्या कॅम्परच्या दुरुस्त्या महिनोन्‌महिने का रेंगाळतात याची कारणं लोक सुटे भाग, हवामान, नोकरी अशी सांगतात. माझा संशय त्या गादीवर आहे.

मी म्हणते ती व्हॅन फोक्सवॅगनची, जुनी, मागे इंजिन असलेली. 1947 साली बेन पॉन नावाच्या डच आयातदाराने वहीच्या पानावर एक चौकोनी डबा रेखाटला, त्यात चालक पुढच्या टोकाला होता आणि इंजिन मागच्या. 1950 मध्ये त्याची गाडी झाली आणि पुढच्याच वर्षी वेस्टफालिया या जर्मन कंपनीने तिच्यात झोपायची सोय करून दिली. ब्राझीलमध्ये तर हवेने थंड होणारं इंजिन घातलेली व्हॅन 2005च्या अखेरपर्यंत तयार होत होती. त्यामुळे या इंजिनाचे भाग अजून मिळतात. नट सोडवायचं बळ मात्र आपलं आपण आणायचं.

त्यातलं 1600चं इंजिन, नेमकं बोलायचं तर 1584 सीसीचं, घरी उतरवता येतं हेच त्याचं मोठेपण. वजन शंभर किलोच्या थोडं वर. बॅटरीची तार काढायची, पेट्रोलची नळी बंद करायची, अॅक्सिलरेटरची केबल, वायरी आणि हीटरचे पाइप सोडवायचे. मग मागची आधारपट्टी आणि गिअरबॉक्सला धरून ठेवणारे चार बोल्ट. त्यातला वरचा एक पंख्याच्या आवरणामागे असा दडलेला असतो की तो दिसत नाही, हाताला नुसता लागतो. इंजिन थोडं मागे सरकवायचं, जॅकवर खाली घ्यायचं आणि गाडीच्या खालून बाहेर ओढायचं. त्यासाठी गाडी बरीच उंच उचलावी लागते, आणि तिच्याखाली शिरण्याआधी ती भक्कम स्टँडवर बसवावी लागते. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरणाऱ्या माणसाशी मी यंत्रांबद्दल बोलत नाही.

बाहेर आलेलं इंजिन पाहून बघे पिस्टनबद्दल विचारतात. ‘क्रँक ठीक आहे ना?’ असंही कोणीतरी विचारतं. क्रँक, म्हणजे पिस्टनच्या जोराने फिरणारा मुख्य दांडा, बहुतेक वेळा ठीक असतो. या इंजिनाला मारतो तो पत्रा, आणि पत्र्यापेक्षाही जास्त रबर.

ते कसं, तर याला रेडिएटर नाही, पाणी नाही. पट्ट्यावर फिरणारा एक पंखा वरून गार हवा ओढतो आणि पत्र्याच्या आवरणांतून ती सिलिंडरांवरच्या धातूच्या पात्यांवर सोडतो. तापलेली हवा गाडीच्या खाली निघून जाते. वरची गार हवा आणि खालची गरम हवा यांच्यामध्ये भिंत असते ती इंजिनाभोवतीच्या पत्र्यांची, आणि पत्रा व बॉडी यांच्यातली फट बुजवते एक रबरी पट्टी. ती पट्टी वाळून गळून पडते. जागा रिकामी दिसते, कोणाला काही वाटत नाही, गाडी चालतेही. पण पंखा आता खालून वर आलेली तापलेली हवाच पुन्हा ओढत असतो. चढावर इंजिन तापतं, तेल पातळ होतं, आणि कधीतरी तिसऱ्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो. तिसऱ्याचाच का? कारण जुन्या रचनेत तेल थंड करणारा कूलर हवेच्या वाटेत आडवा उभा होता आणि त्याच्या मागे हा सिलिंडर. 1971च्या मॉडेलपासून कूलरला वेगळी खोली मिळाली आणि त्या बिचाऱ्याचा जाच कमी झाला.

हे कळल्यावर माझी दुरुस्तीची यादी उलटी झाली. आधी पत्रे, सगळेच्या सगळे. मागच्या कुठल्या तरी मेकॅनिकने ‘याचं काय काम’ म्हणून फेकलेले छोटे तुकडेसुद्धा शोधून आणले. पंख्याच्या आवरणातल्या झडपा हलवणारा थर्मोस्टॅटही असाच फेकला जातो. मग गार इंजिन तापायला उगीच वेळ घेतं. रबरी पट्टी नवी. पुशरॉडच्या, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांच्या, नळ्यांची सीलं नवी, कारण या इंजिनाखाली तेलाचं जे थारोळं साचतं त्यातलं बरंचसं तिथलं असतं.

पेट्रोलच्या नळ्या तर पहिल्या दिवशीच बदलायच्या. कापडी वेष्टणाची जुनी नळी बाहेरून शहाण्यासारखी दिसते आणि आतून भेगाळलेली असते. तिच्यातून ठिबकलेलं पेट्रोल तापलेल्या इंजिनावर पडलं की काय होतं ते सांगायला नको. शिवाय या इंजिनाचा मधला सांगाडा मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा आहे, तो एकदा पेटला आणि त्यावर पाणी मारलं तर आग आणखी भडकते. आणि हे सगळं उशापायथ्याशी! हातभर रबराची नळी बदलायला आळस करणारे लोक मग क्रोमच्या आरशांवर कसे खर्च करतात, कोण जाणे.

मॅग्नेशियम मऊ असतं, त्यामुळे जोर दाखवणाऱ्याला ते लगेच धडा शिकवतं. सांगाड्यात बसवलेला एक स्टड, म्हणजे आट्यांचा दांडा, जरा जास्त आवळला की आटे हातात येतात आणि मग छिद्र मोठं करून स्टीलची आट्यांची बाही बसवत बसा.

टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला ढकलणारी दांडी यांच्यातली फट जुळवणं, हे मात्र माझं आवडतं काम. इंजिन रात्रभर गार झालेलं हवं. फट 0.15 मिलिमीटर. फट मोजणाऱ्या फीलर गेजची पाती आत सरकली पाहिजे, पण किंचित अडखळत. ते अडखळणं कोणाला शब्दांत सांगता येत नाही, बोटांनाच कळावं लागतं. ठिणगीचा क्रम आहे 1-4-3-2. म्हणून क्रँकची पुली उलटी, अर्धा अर्धा फेरा फिरवत गेलं की सिलिंडर सरळ 1, 2, 3, 4 असे येतात आणि डोक्याला ताप राहत नाही. ही युक्ती पहिल्यांदा कळली तेव्हा मी उगाचच पुली आणखी दोन वेळा फिरवून पाहिली होती.

टायमिंगला, म्हणजे ठिणगी नेमकी कधी पडावी ते जुळवायला, तर फक्त बल्ब लागतो. आधी पॉइंटची, म्हणजे ठिणगीसाठी उघडमीट करणाऱ्या संपर्कांची, फट 0.4 मिलिमीटर करायची, कारण ती बदलली की टायमिंगही सरकतं. मग 12 व्होल्टच्या बल्बची एक वायर कॉइलच्या 1 नंबरला, दुसरी बॉडीला लावायची, इग्निशन चालू करायचं आणि सिलिंडरांना ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर हळूहळू फिरवायचा. पॉइंट उघडतात त्या क्षणी बल्ब पेटतो. संगणक नाही, स्क्रीन नाही, चुकलं तर पुन्हा फिरवा.

सेल मारला आणि इंजिन सुरू झालं म्हणजे काम संपलं असं घरच्यांना वाटतं. पण नव्याने बांधलेल्या इंजिनाचं पहिलं तेल साधारण 500 किलोमीटरलाच बदलायचं आणि टॅपेटही तेव्हाच पुन्हा बघायचे. नंतरही दर 5000 किलोमीटरला दोन्ही आहेच, कारण मूळ इंजिनात तेलाचा फिल्टर नाही, तळाशी नुसती जाळी, आणि तेल सगळं मिळून अडीच लिटर. म्हणून फीलर गेज गाडीतच राहतो, चमच्यांच्या खणात. तिथे आता चमचे दोनच मावतात, बाकीचे घरी ठेवले.