चीप, पाउंड आणि निखळलेला खांदा

आज कुणाला चीप म्हटलं तर तो भांडायलाच उठेल, पण हा शब्द मुळात अगदी सरळमार्गी होता, जुन्या इंग्लिशमध्ये त्याचा अर्थ नुसता व्यापार, सौदा. लंडनमधलं चीपसाइड म्हणजे स्वस्तातली गल्ली नव्हे हो, ती बाजारपेठ, आणि तिला लागून ब्रेड स्ट्रीट, मिल्क स्ट्रीट, म्हणजे आपल्या तांबट आळी-बोहरी आळीसारखाच कारभार. सौदा चांगला पटला की लोक त्याला 'गुड चीप' म्हणायचे, मग बोलता बोलता गुड गळलं आणि चीप तेवढं उरलं. स्वस्त व्हायच्या नादात शब्दाने चांगुलपणाच टाकून दिला, आता काय बोलणार!

एक्स्पेन्स आणि स्पेंड दोघंही एकाच लॅटिन क्रियापदातून आलेत, अर्थ काय तर तोलून देणे, कारण पूर्वी धातू तराजूत घालूनच पैसे चुकते व्हायचे. पेन्शनसुद्धा त्याच तराजूतली. पाउंड तर अजून वजनही आहे आणि चलनही, आणि त्याचं चिन्ह म्हणजे लिब्रामधला एल, लिब्रा म्हणजे आपली तूळ रास. सोनाराच्या काट्याकडे डोळे लावून बसलेल्याला हे काही वेगळं समजवायला नको.

पण माझा लाडका शब्द रिड्यूस. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ मागे नेणे, परत जागेवर आणणे, कमी करणे वगैरे नंतर चिकटलं. डॉक्टर लोकांनी मात्र जुना अर्थ सोडलेला नाही. खांदा निखळला की ते म्हणणार रिडक्शन करू, आणि बाहेर बाकड्यावर बसलेल्या नातेवाइकांच्या पोटात गोळा, की हाड कापून छोटं करतात की काय! आत चाललेलं असतं एवढंच की एकजण पेशंटला घट्ट धरून ठेवतो, दुसरा हात सावकाश ओढत राहतो आणि हाड खट्कन खोबणीत जाऊन बसतं. काही म्हणजे काही कमी होत नाही, बिल सोडून, ते तर वाढतंच.

डिक्रीज म्हणजे वाढण्याच्या उलट, त्यातलाच क्रेसंट म्हणजे मूळचा वाढता चंद्र, शुद्ध पक्षातला. आता इंग्लिशवाले वद्यातल्या कोरीलाही खुशाल क्रेसंट म्हणतात, पंचांग बघणाऱ्या माणसाला हे कसं चालेल? रिबेट फ्रेंचमधून आला, मारून खाली पाडणे, म्हणजे मंडईत आपण भाव पाडतो तसंच, फक्त इन्कम टॅक्सवाल्यांच्या तोंडी तो फार सभ्य वाटतो.

आणि फ्री हा तर संस्कृतातल्या प्रियचा लांबचा चुलतभाऊ, आधी आपल्यातला, जिव्हाळ्याचा, मग गुलाम नसलेला, मोकळा, आणि फुकट हा अर्थ खूप उशिरा आला. एकावर एक फ्रीची पाटी दिसली की घरात चार बादल्या असताना पाचवी उचलणाऱ्यांना निदान एवढं तरी कारण सांगता येईल.