पुसट ठिपके आणि खोलवरचे रक्त

बोटाला लावायच्या पल्स ऑक्सिमीटरमुळे अनेकांचा असा समज झाला आहे की, आकडा ९८ दिसला म्हणजे अवयवांना रक्त नीट पोचते आहे. वास्तविक हे उपकरण धमनीतील हिमोग्लोबिनपैकी किती ऑक्सिजनने भरलेले आहे एवढेच सांगते. ते रक्त ऊतींपर्यंत दर मिनिटाला किती पोचते, हा प्रश्न निराळा आहे. प्रौढ मेंदूला दर १०० ग्रॅममागे मिनिटाला साधारण ५० मिलीलिटर रक्त लागते, आणि हा पुरवठा खाटेपाशी सतत, त्वचेला छेद न देता मोजण्याची सोय आजही दुर्मीळ आहे.

गेले काही महिने मी या मोजणीच्या प्रकाशीय पद्धतींवर काम करत आहे. सुमारे ७०० ते ९०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश ऊतींमध्ये फारसा शोषला जात नाही, मात्र भरपूर विखुरतो. त्वचेवर एका जागी लेझरचा प्रकाश सोडला आणि तीन सेंटिमीटरवर बाहेर येणारा अत्यल्प प्रकाश टिपला, तर त्यातील काही भाग एक-दीड सेंटिमीटर खोल जाऊन आलेला असतो. निरनिराळ्या वाटांनी आलेल्या या लहरी एकमेकींत मिसळून तेजस्वी आणि काळ्या ठिपक्यांची नक्षी तयार होते; तांबड्या पेशी हलल्या की नक्षी बदलते, आणि प्रवाह जितका वेगवान तितकी ती लवकर बदलते.

फर्चर आणि ब्रायर्स या संशोधकांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला डोळ्याच्या पडद्यावरील रक्तप्रवाह या ठिपक्यांच्या छायाचित्रावरून दाखवला, पण ती पद्धत पृष्ठभागापुरती होती. खोल ऊतींसाठीचा सिद्धान्त बोआस, कॅम्पबेल आणि योध यांनी १९९५ मध्ये मांडला. त्यात एकेक फोटॉन, म्हणजे प्रकाशकण, मोजून प्रकाशातील चढउतारांचा सहसंबंध काढतात, म्हणजे आत्ताची नक्षी क्षणापूर्वीच्या नक्षीशी किती जुळते ते पाहतात. तीन सेंटिमीटरवर नक्षी काही दशांश मिलिसेकंदांच्याही आत पालटत असल्यामुळे प्रकाश टिपणारे अतिजलद शोधक लागतात, आणि खर्चाचा मोठा भाग तिथेच जातो.

स्वस्त पर्यायाची युक्ती मला फार आवडते. बदल टिपण्यासाठी धावायचेच नाही. साध्या कॅमेऱ्याचा सेन्सर काही मिलिसेकंद उघडा ठेवायचा आणि नक्षी पुसट होऊ द्यायची. पिक्सेलांच्या तेजाच्या प्रमाण विचलनाला, म्हणजे ते सरासरीपासून किती इकडेतिकडे जाते त्या मापाला, सरासरी तेजाने भागले की ठिपक्यांचा उठाव, म्हणजे उजेड-अंधारातला ठळकपणा, मिळतो. प्रवाह वाढला की तो कमी होतो. प्रत्येक चित्र संथ असले, तरी लाखो पिक्सेल एकाच वेळी वेगवेगळे ठिपके पाहतात, म्हणून सरासरीत अनिश्चितता कमी होते.

मात्र जो खर्च वाचला, तो गणिताच्या रूपाने परत येतो. एवढ्या अंतरावर एका पिक्सेलवर मोजकेच फोटॉन पडतात, त्यामुळे प्रकाशाच्या कणरूपाचा आणि सेन्सरच्या वाचनाचा गोंगाट खऱ्या संकेताहून मोठा ठरतो. तो पिक्सेलनिहाय मोजून वजा केला नाही, तर तेज जरा घटल्यावरही रक्तप्रवाह बदलल्याचा भास होतो. माझ्या पहिल्या मांडणीत प्लास्टिकच्या पांढऱ्या, निश्चल ठोकळ्यातही ‘रक्त’ वाहताना दिसले! दोष अर्धा या वजाबाकीचा होता आणि अर्धा स्वस्त लेझर डायोडचा, कारण तापमान बदलले की तो एका तरंगलांबीवरून दुसरीवर उडी मारतो आणि नक्षीचा उठाव आपोआप खाली येतो. तापमान स्थिर ठेवल्यावर ठोकळा एकदाचा शांत झाला.

त्यानंतरची चाचणी माझ्या स्वतःच्या दंडावर झाली. रक्तदाबाचा पट्टा वरच्या दाबापेक्षा अधिक फुगवल्यावर कोपराखालच्या हातातील प्रवाहाचा निर्देशांक, म्हणजे ठिपक्यांच्या उठावावरून काढलेली संख्या, कोसळतो, पण अगदी शून्यावर जात नाही, कारण थांबलेल्या रक्तातही पेशींची थोडी हालचाल राहते. पट्टा सोडताच तो मूळ पातळीच्या बराच वर उसळतो आणि हळूहळू खाली येतो. मिळणारी संख्या मिलीलिटरमध्ये नसून सापेक्ष असते, त्यामुळे दोन व्यक्तींची थेट तुलना करण्यापेक्षा एकाच व्यक्तीतील बदल पाहणे मला अधिक भरवशाचे वाटते. कपाळावर मोजताना त्वचेतील रक्त मेंदूच्या संकेतात मिसळते, म्हणून लेझरच्या जवळ दुसरा शोधक ठेवून वरवरच्या थराचा हिशेब वेगळा करावा लागतो. शोधक बांधण्याची पट्टी किंचित घट्ट झाली, तरी तिच्या दाबाने त्वचेतला प्रवाह मंदावतो. सध्या माझा सर्वाधिक वेळ ही पट्टी दर वेळी सारखीच कशी आवळावी, यातच जातो आहे.