समितीकडे अर्ज केला तर काम होतं का?

‘ताई, विधानसभेच्या समितीकडे अर्ज टाकला तर काम होतं का हो?’ मला निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी हा प्रश्न अजून दारात येतो. कुणाच्या वस्तीवरचं आरोग्य उपकेंद्र वर्षभर उघडलेलं नसतं, कुणाच्या ओढ्यावरचा साकव अर्धवट पडलेला असतो. तलाठ्यापासून जिल्हाधिकाऱ्यांपर्यंत सगळीकडे अर्ज देऊन झालेले असतात आणि पोच घेतलेल्या प्रतींचा गठ्ठा पिशवीत असतो. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा सविस्तर सांगते.

जिल्हा परिषदेच्या लेखा विभागात मी ३१ वर्षं काढली. पंचायत राज समितीचे दौरे आम्ही जवळून पाहिले. ही विधिमंडळाची समिती, दोन्ही सभागृहांचे आमदार तिच्यात असतात. दौऱ्याआधी भलीमोठी प्रश्नावली येते. लेखापरीक्षणात निघालेले आक्षेप एकेक करून काढावे लागतात. मग ठरल्या दिवशी सभागृहात मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांची आणि खातेप्रमुखांची साक्ष होते. शब्दच ‘साक्ष’ आहे, आणि तो उगाच वापरलेला नाही.

एक साक्ष मला अजून दिसते. एका वाडीच्या पाणी योजनेचं बिल निघालं होतं, पण वाडीत पाणी पोचलं नव्हतं. आमच्या अनुपालनात, म्हणजे आक्षेपाला दिलेल्या लेखी उत्तरात, लिहिलं होतं : ‘ठेकेदाराकडून वसुलीची कार्यवाही सुरू आहे.’ तसं वाक्य मी स्वतः शेकडो वेळा टंकलेलं असेन. समितीतल्या एका आमदारांनी ते वाचलं आणि एवढंच विचारलं, ‘कधीपासून?’ सभागृह गप्प झालं. मी मागच्या रांगेत फाईल घेऊन बसले होते. पताका लावलेलं पान उघडून पुढे दिलं. वसुलीचं शेवटचं पत्र सात वर्षांपूर्वीचं होतं. ती तारीख मोठ्यांदा वाचली गेली, कार्यवाहीत नोंदली गेली. दोन आठवड्यांत ठेकेदाराला नोटीस गेली आणि पुढच्या उन्हाळ्याआधी राहिलेली पाइपलाइन पुरी झाली. सात वर्षं त्या वाडीतल्या बायका अर्ज देत होत्या. त्यांच्या अर्जांत काहीच चूक नव्हती. ‘कधीपासून’ हे समोर बसवून विचारायचा अधिकार तेवढा त्यांच्याकडे नव्हता.

समितीची खरी ताकद ती हीच. ती कुणाला आदेश देत नाही, शिफारस करते. पण त्याआधी ती अधिकाऱ्याला बोलावते, कागद मागते आणि त्याचं उत्तर त्याच्या नावावर नोंदवते. दौऱ्यांत पाहुणचारात जो वेळ जातो, शाळांच्या भिंतींना आदल्या दिवशी जो रंग लागतो, त्याचा मला मनापासून राग येतो, कारण त्यामुळे साक्षीचे तास कमी होतात.

दिल्लीतही हेच तत्त्व. सरकारी खर्च तपासणारी लोकलेखा समिती १९२१ पासून आहे. लोकसभेचे १५ आणि राज्यसभेचे ७ असे तिचे २२ सदस्य असतात, आणि १९६७ पासून अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याची प्रथा आहे. खर्च सरकारचा आणि प्रश्न विचारणारा विरोधी बाकावरचा, ही मला फार शहाणपणाची गोष्ट वाटते. शिवाय खात्याखात्यांसाठी २४ स्थायी समित्या आहेत. पण तिथे सामान्य माणसाचा कागद सहसा थेट पोचत नाही. त्याच्यासाठी आहे याचिका समिती. लोकसभेची १५ जणांची, राज्यसभेची १० जणांची. लोकसभेच्या समितीत मंत्री घेत नाहीत. आपल्या विधिमंडळात तिला विनंती अर्ज समिती म्हणतात.

या समितीने काय होऊ शकतं, ते मला माझ्या मामामुळे कळलं. माझं आजोळ साताऱ्याकडचं. तिथून अपशिंगे मिलिटरी लांब नाही, आणि त्या सगळ्या पट्ट्यात घरटी एक तरी माणूस पलटणीत गेलेला. मामा हवालदार म्हणून निवृत्त झाला, तोही बऱ्याच आधी. शेजारच्या आळीतला दुसरा हवालदार, तेवढीच नोकरी केलेला, पण उशिरा निवृत्त झालेला. दर महिन्याला दोघं एकाच बँकेत जात आणि मामाच्या हातात कमी रक्कम पडे. तो चिडत नसे. पत्र्याच्या ट्रंकेतून पेन्शनचं पुस्तक काढून मला विचारायचा, ‘माझी हवालदारी त्याच्यापेक्षा हलकी होती का गं?’

‘समान हुद्दा, समान निवृत्तिवेतन’ ही मागणी माजी सैनिक कित्येक वर्षं करत होते. तिची याचिका राज्यसभेत दाखल झाली आणि याचिका समितीपुढे गेली. समितीचे अध्यक्ष होते भगतसिंह कोश्यारी, पुढे आपल्या राज्याचे राज्यपाल झाले तेच. समितीने याचिकाकर्त्यांचं ऐकलं, मग संरक्षण मंत्रालयाला समोर बसवलं. मंत्रालयाने प्रशासकीय, कायदेशीर आणि आर्थिक अडचणी सांगितल्या. तेव्हा आकडा बाहेर आला : वर्षाला अंदाजे १,३०० कोटी रुपये. त्यातले १,०६५ कोटी अधिकाऱ्यांच्या खालच्या हुद्द्यांसाठी, म्हणजे जवान, नाईक, हवालदार यांच्यासाठी. डिसेंबर २०११ च्या अहवालात समितीने म्हटलं की आपल्याएवढ्या देशाला ही रक्कम फार मोठी नाही, आणि मागणी मान्य करावी.

लेखा विभागात आयुष्य गेलेल्या मला तो १,०६५ चा आकडा वाचून गहिवरून आलं. ‘परवडत नाही’ असं ऐकत आलेल्या माणसांना पहिल्यांदा कळलं की नेमकं किती परवडत नाही.

सरकारी आदेश निघाला ७ नोव्हेंबर २०१५ रोजी, लाभ १ जुलै २०१४ पासून. मामाला फरकाची रक्कम मिळाली. पण मागितलेलं सगळं मिळालं नाही. सरकारने पेन्शनची फेरआखणी दर पाच वर्षांनी ठेवली आणि वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. मार्च २०२२ च्या निकालात न्यायालयाने सांगितलं की कोश्यारी समितीचा अहवाल म्हणजे सरकारचं धोरण नव्हे, आणि सरकारची पद्धत कायम ठेवली. म्हणून मी कुणाला खोटी आशा देत नाही. समितीची शिफारस सरकारला बांधून ठेवत नाही. पण त्या अहवालाशिवाय ती मागणी इतकी पुढे सरकली असती, असं मला वाटत नाही.

आता अर्जाचं. आधी दार ओळखा. उपकेंद्र, शाळा, साकव हे राज्याचे विषय, त्यासाठी मुंबई. रेल्वे, सैन्य, केंद्राचं पेन्शन यासाठी दिल्ली. राज्याच्या सभागृहात मांडायचा विषय लोकसभेची समिती घेत नाही, आणि न्यायालयात चालू असलेलं प्रकरणही घेत नाही. अर्ज सभागृहात एखाद्या सदस्यामार्फत मांडला जातो, तेव्हा आमदाराची किंवा खासदाराची सही हवी. त्यांच्या पक्षाकडे बघू नका, सही मागा. भावाची बदली, स्वतःची थकबाकी असलं त्यात घालू नका. गावाचा प्रश्न गावाचा म्हणून लिहा.

लोकसभेच्या याचिकेला सोबत पत्रं-प्रतिज्ञापत्रं जोडता येत नाहीत, हे ऐकून लोक हिरमुसतात. इतका जपलेला गठ्ठा! पण त्यातल्या तारखा अर्जात येऊ शकतात. भाषा संयमाची हवी, हा नियमच आहे. आणि एक गोष्ट मला पटत नाही. संविधानाचं कलम ३५० म्हणतं की गाऱ्हाणं संघात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत मांडता येतं. तरी लोकसभेत मराठी याचिकेला हिंदी किंवा इंग्रजी अनुवाद सही करून जोडावा लागतो. अनुवाद करणं हे संसदेचं काम असायला हवं, माझ्या दारात आलेल्या शेतकऱ्याचं नव्हे. मुंबईला मात्र सरळ मराठीत लिहा.

उद्या सकाळी अकराला बंद उपकेंद्रवाले येणार आहेत. त्यांच्यातल्या आशाताईंनी दोन वर्षं एक वही ठेवली आहे : कोणत्या तारखेला कुलूप होतं, कोणती बाळंतीण किती वाजता तालुक्याला न्यावी लागली. पिशवी घरी राहिली तरी चालेल, पण ती वही आणा, असा निरोप मी धाडला आहे.