शाळा सोडण्याचे कारण

1 मेला झेंडावंदन झालं, धाकटीचा चौथीचा निकाल हातात पडला आणि सरांनी त्याच टेबलावर टी.सी. लिहायला घेतली. 'शाळा सोडण्याचे कारण' या रकान्यात मला न विचारताच लिहिलं : शाळेत पुढील वर्ग नाही. मोठीच्या टी.सी.वर हेच होतं. माझ्याही, 1992 साली.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, पऱ्हाटी-तुरीचं. शाळा जिल्हा परिषदेची, दोन खोल्या, दोन सर, चार वर्ग, पट सव्वीस. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे साठ लेकरांपर्यंत दोन शिक्षक, म्हणजे हिशेबात चूक कुठंच नाही. पण एक सर केंद्रशाळेच्या मीटिंगला गेले की दुसऱ्यांकडं चारही वर्ग. पहिलीवाले मुळाक्षरं गिरवतात, चौथीवाल्यांना फळ्यावर भागाकार दिलेला असतो, आणि मधेच खिचडी शिजवणारी बाई तांदूळ मोजून द्या म्हणून दारात उभी. तरी लेकरं वाचायला शिकतात. हे मला अजून नवल वाटतं.

कागदावर पहिली ते पाचवी प्राथमिक, सहावी ते आठवी उच्च प्राथमिक, मग नववी-दहावी, मग अकरावी-बारावी. 2010 पासून हा कायदा लागू आहे. पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत, आठवीपर्यंतची तीनच्या आत, असं नियम सांगतो. आमच्याकडं मात्र जुनीच मोजणी चालू आहे. चौथीपर्यंत गावात. पाचवी ते सातवी शेजारच्या गावी, चार किलोमीटरवर, तीही जिल्हा परिषदेची. आठवी ते दहावी मोठ्या गावच्या हायस्कुलात. ते संस्थेचं, पगार सरकारचा. दहावीचा पेपर अमरावतीच्या विभागीय मंडळाचा. अकरावीला तालुक्याला. बारावी होईस्तोवर चार शाळा आणि तीन टी.सी.

शिष्यवृत्तीचंच बघा. मी ती परीक्षा चौथीत दिली, याच खोलीत, जमिनीवर बसून सराव करून. 2017 ला ती चौथी-सातवीवरून पाचवी-आठवीला नेली, कारण कायद्याचे टप्पे तसे. परीक्षा सरकली, आमची शाळा जागीच राहिली. मोठीला दुसऱ्या गावी जाऊन पहिल्याच वर्षी नव्या सरांकडं तयारी करावी लागली.

शेतात ठिबक टाकल्यापासून मला एक गोष्ट कळली. नळी मधे सहसा गळत नाही (खारीनं कुरतडली तर वेगळं). पाणी जातं ते जॉइनरपाशी, दोन नळ्या जोडतात तिथं. शाळेचंही तसंच. वर्गात बसलेलं लेकरू सहसा सुटत नाही, सुटतं ते एका शाळेतून दुसरीत जाताना.

आमच्या ओळीतल्या एका पोरीनं सातवीनंतर टी.सी. नेली. सातवीच्या सरांचं रजिस्टर बरोबर, पोरगी 'गेली'. हायस्कुलातल्या सरांचंही बरोबर, ती 'आलीच नाही'. मधल्या चार महिन्यांत ती कोणाच्याच हजेरीत नव्हती. दिवाळीला पाहिलं तर कमरेला ओटी बांधून कापूस वेचत होती. तिच्या मायला विचारलं, तर म्हणे, "एकटी पोरगी नाल्याहून कशी धाडू, भाऊ? अन् वेचाले तं मानूसच भेटत नाही." यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. पोरींना शाळेत नेणारी मानव विकास योजनेची निळी बस फाट्यापर्यंत येते, मोठी तिच्यानंच जाते, पण फाटा दीड किलोमीटर आणि मधे तो नाला. सोबतीला दुसरी पोरगी असली तरच माय हो म्हणते.

मी शाळा व्यवस्थापन समितीवर आहे. समितीत चारातले तीन हिस्से पालकच असतात, निम्म्या बाया लागतात. आमच्या समितीत बायाच जास्त बोलतात, बरं. चौथीला पाचवीचा वर्ग जोडून द्या, असा ठराव आम्ही दोनदा केला. कागद पुढं गेला. अजून पुढंच आहे.

म्हणून या वेळी ठराव-बिराव सोडून दिला. चौथीतल्या पाचही लेकरांच्या टी.सी. त्याच दिवशी मागून घेतल्या, बियाण्याच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळल्या आणि तिथली शाळा बंद व्हायच्या आत मोटरसायकलवर शेजारच्या गावी पोहोचलो. तिथले सर कुलूपच लावत होते. पिशवी पाहून हसले. "एवढी काय घाई? शाळा जूनच्या शेवटाले उघडते, तेव्हा या नं."

"तेव्हा पेरनी राह्यते, सर," म्हटलं. "आताच लिहून घ्या."

त्यांनी कुलूप काढलं.